राज्यशासन : अधिकाराची साखळी आणि उत्तरदायित्व

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाळी सहलीसाठी आलेल्या लोकांची त्यावर गर्दी होती. चार जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे गावाला ठाऊक होते, कार्यालयांना ठाऊक होते. तसा फलकही लावलेला होता. नव्या पुलासाठी निधीची मंजुरी झालेली होती. तरीही जुना पूल वापरात राहिला आणि नवा पूल कागदावर राहिला.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एकच प्रश्न विचारला जातो : जबाबदार कोण? आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर एकाच शब्दात दिले जाते : सरकार. परंतु सरकार म्हणजे नेमके कोण? मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी, बांधकाम विभागाचा अभियंता, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत? सर्वांचे नाव घेणे म्हणजे कोणाचेच नाव न घेणे. जिथे सर्वच दोषी ठरतात, तिथे अखेर कोणीच दोषी ठरत नाही. चौकशी समिती नेमली जाते, आठवडाभर चर्चा होते आणि पुढचा पूल पुढच्या पावसाची वाट पाहत उभा राहतो.

म्हणून राज्यशासनाची रचना समजून घेणे हा केवळ नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा विषय नाही. या रचनेत प्रत्येक अधिकारासोबत एक उत्तरदायित्व बांधलेले आहे. अधिकार कोठून निघतो, कोणत्या हातांतून जातो आणि त्याचे उत्तर कोणी, कोणापुढे द्यायचे, ही साखळी संविधानाने आणि नियमांनी आखून दिलेली आहे. ज्या समाजाला ही साखळी दिसते, तोच तिचा तुटलेला दुवा दाखवू शकतो.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांची केवळ पदे निर्माण झाली नाहीत, त्यांची कामेही वाटून दिली गेली. जमाखर्चाचा हिशेब अमात्यांकडे, राजपत्रे तपासून त्यांतील मजकूर शुद्ध करण्याचे काम सचिवांकडे, न्याय न्यायाधीशांकडे. पत्रात चूक राहिली तर अमात्यांना विचारायचे नाही आणि हिशेब चुकला तर सचिवांना विचारायचे नाही, इतकी ती वाटणी स्पष्ट होती. आजच्या मंत्रालयातील ‘सचिव’ हा शब्द त्याच परंपरेतून आलेला आहे. शब्द टिकला, शब्दामागची शिस्त किती टिकली, हा खरा प्रश्न आहे.

नाव राज्यपालांचे, निर्णय मंत्रिमंडळाचा

संविधानाच्या १५४व्या अनुच्छेदानुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी आहे. कोणताही शासन निर्णय उघडून पाहिला, तर त्याच्या अखेरीस ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे शब्द आढळतात. खाली सही मात्र उपसचिवाची किंवा अवर सचिवाची असते. राज्यपालांनी तो कागद बहुधा पाहिलेलाही नसतो. मग हा केवळ उपचार आहे का? तसे नाही. १६६व्या अनुच्छेदाने ही पद्धत घालून दिलेली आहे, आणि तिचा अर्थ असा की आदेश व्यक्तीचा नाही, राज्याचा आहे. मंत्री बदलला, अधिकारी निवृत्त झाला, तरी आदेश टिकतो आणि त्याचे दायित्वही टिकते.

राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागायचे, हे १९७४ मध्ये समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अपवाद अगदी मोजके. त्यांपैकी एक महाराष्ट्राशी थेट निगडित आहे. ३७१व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या समतोल विकासासंबंधी राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते. त्यानुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

सल्ला बंधनकारक असला, तरी तो किती दिवसांत अमलात आणायचा, याविषयी संविधान मौन बाळगते. या मौनामुळे अनेक वाद उद्भवले. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या बारा नामनियुक्त सदस्यांची शिफारस मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये केली. त्यावर दीर्घकाळ निर्णय झाला नाही. वाजवी मुदतीत निर्णय देणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. विधेयकांच्या बाबतीतही हाच प्रश्न पुढे देशभर गाजला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे मत दिले की, न्यायालय राज्यपालांना निश्चित कालमर्यादा घालून देऊ शकत नाही, मात्र राज्यपालांनाही विधेयक अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही. पद कितीही उच्च असो, विलंब हाही एक निर्णयच असतो आणि त्याचे उत्तर द्यावे लागते, हे या सर्व घडामोडींचे सार आहे.

प्रत्यक्ष निर्णय घेते ते मंत्रिमंडळ. महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य २८८. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. त्यामुळे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ पेक्षा अधिक मंत्री असू शकत नाहीत. त्यापूर्वी मंत्रिमंडळाचा आकार हा आघाडीच्या गणिताचा विषय झाला होता. त्या मोहाला या दुरुस्तीने वेसण घातली. उपमुख्यमंत्री हे पद संविधानात कोठेही नाही. महाराष्ट्रात १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे हे पहिले उपमुख्यमंत्री झाले आणि तेव्हापासून राजकीय सोयीने हे पद येत-जात राहिले. ‘पालकमंत्री’ हेही संविधानातील पद नव्हे. परंतु जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे असल्यामुळे जिल्ह्याच्या निधीवर त्याचा मोठा प्रभाव असतो. एका जिल्ह्याच्या पालकमंत्रिपदासाठी महिनोन्महिने रस्सीखेच का चालते, याचे उत्तर येथे मिळते.

१६४व्या अनुच्छेदातील एक छोटे वाक्य मात्र साऱ्या रचनेचा पाया आहे : मंत्रिमंडळ विधानसभेस सामूहिकरीत्या जबाबदार असते. एका मंत्र्याचा निर्णय हा सर्व मंत्रिमंडळाचा निर्णय असतो. बैठकीत सही करायची आणि बाहेर येऊन त्याच निर्णयावर नापसंती व्यक्त करायची, हा प्रकार आघाडी सरकारांच्या काळात वारंवार दिसला आहे. कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याने तो केला, तरी ती सामूहिक जबाबदारीची पायमल्लीच होय.

नस्तीचा प्रवास

मंत्री सही करतो. पण सहीपूर्वी काय घडते? मंत्रालयात प्रत्येक विषयाची एक नस्ती असते. सर्वसामान्य भाषेत फाईल. ती कार्यासनावर सुरू होते. सहायक कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, कक्ष अधिकारी ती तपासतो, पुढे अवर सचिव, उपसचिव वा सहसचिव आणि नंतर सचिव, प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव. मग मंत्री. पैशाचा प्रश्न असेल तर वित्त विभागाचे अभिप्राय, कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाचे. विषय धोरणात्मक असेल तर मंत्रिमंडळापुढे टिप्पणी जाते आणि तेथे मुख्य सचिव हेच मंत्रिमंडळाचे सचिव म्हणून काम पाहतात. कोणता विषय कोणाच्या स्तरावर संपतो आणि कोणता मंत्रिमंडळापुढे गेलाच पाहिजे, हे शासनाच्या कार्यनियमावलीत ठरलेले आहे.

ही उतरंड पाहून सामान्य माणसाला वाटते, की विलंब करण्यासाठीच ती उभारली आहे. वस्तुतः तिचा हेतू वेगळा आहे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपले मत लेखी नोंदवतो आणि खाली सही करतो. मंत्र्याला सचिवाचे मत डावलण्याचा अधिकार आहे. कारण तो लोकनियुक्त आहे. परंतु ते मत नस्तीतून पुसण्याचा अधिकार त्याला नाही. उद्या लेखापरीक्षक, न्यायालय किंवा विधिमंडळाची समिती ती नस्ती मागवते, तेव्हा कोणी काय सुचवले आणि कोणी काय ठरवले, हे उघड होते. निर्भीड अधिकाऱ्याचे खरे शस्त्र म्हणजे त्याची टिप्पणी. तोंडी आदेशावर काम करणारा अधिकारी हे शस्त्र स्वतःच टाकून देतो.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या जळाल्या. त्या दिवशी केवळ कागद जळाले नाहीत, अनेक निर्णयांची स्मृती जळाली. त्यानंतर ई-ऑफिसचा, म्हणजे संगणकीय नस्तीचा आग्रह वाढला. संगणकामुळे नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे कळू लागले, हा मोठाच लाभ.

विलंबाविषयी महाराष्ट्रात एक अतिशय महत्त्वाचा कायदा आहे, पण तो ठाऊक असणारे फार थोडे. २००५ चा शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा त्यामागे रेटा होता. या कायद्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस. अतितातडीची असेल तर त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर ४५ दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. हेतुपुरस्सर विलंब हे शिस्तभंगाच्या कारवाईचे कारण ठरते. त्याच कायद्यात बदल्यांसाठी साधारणतः तीन वर्षांचा कालावधी ठरवून दिला आहे. कारण ज्या अधिकाऱ्याला उद्याची खात्री नाही, तो आजच्या कामाची जबाबदारी घेत नाही. याच्या जोडीला २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला, नोंद, परवाना किती दिवसांत मिळायला हवा, हे त्यान्वये जाहीर करावे लागते आणि न मिळाल्यास अपील करता येते.

एवढे कायदे असूनही नस्ती रेंगाळते, ती का? कारण हे कायदे वापरणारा नागरिक विरळा. कार्यालयात हेलपाटे घालणारा माणूस ओळखीचा पुढारी शोधतो, सात दिवसांच्या कलमाचा उल्लेख असलेला अर्ज करीत नाही. पुढाऱ्याच्या फोनने एक नस्ती हलते; कलमाने व्यवस्था हलते.

एका पुलाची गोष्ट

गावाने पूल मागितला तर पुढे काय होते, हे पाहिले म्हणजे साखळीचे सर्व दुवे एकत्र दिसतात. पहिला प्रश्न रस्ता कोणाचा? राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. अनेक गावांची निवेदने चुकीच्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडून असतात, ती या पहिल्याच प्रश्नावर अडखळल्यामुळे.

त्यानंतर अभियंता अंदाजपत्रक तयार करतो. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम आवश्यक आहे आणि त्यावर एवढा खर्च करण्यास शासन तयार आहे, ही संमती. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे आराखडा आणि हिशेब अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य आहेत, ही हमी. मग अर्थसंकल्पात तरतूद. मग निविदा, निविदेची छाननी आणि कार्यारंभ आदेश. त्यानंतर काम, मोजमाप आणि देयक. या प्रत्येक पायरीवर वेगळी सही आहे.

‘पूल मंजूर झाला’ असा फलक चौकात लागतो, तेव्हा तो बहुधा प्रशासकीय मान्यतेच्या टप्प्यावर असतो. मान्यता ही इच्छा आहे, तरतूद हे सामर्थ्य आहे. मान्यता पाचशे कामांना द्यायची आणि तरतूद पन्नास कामांपुरती करायची, ही सवय सर्व पक्षांच्या सरकारांना लागलेली आहे. मग नाममात्र तरतुदीवर काम सुरू होते, अर्धवट थांबते, कंत्राटदाराचे देयक थकते. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली, ती याच सवयीची परिणती.

उलट उदाहरणही आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या मध्यरात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि अन्य वाहने नदीत कोसळली, अनेकांचे प्राण गेले. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून पूर्ण झाला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. अभियंते, नियम आणि निविदापद्धती या सर्व गोष्टी त्याच होत्या. फरक एवढाच होता, की साऱ्या राज्याची दृष्टी त्या एका नस्तीवर खिळलेली होती. यंत्रणा काम करू शकत नाही, हे म्हणणे त्यामुळे खोटे ठरते. ती काम करू शकते. मात्र तिने त्यासाठी दुर्घटनेची वाट पाहावी, हे राज्याला शोभणारे नाही.

तिजोरीची किल्ली

तरतूद करण्याचा अधिकार मंत्र्याचाही नाही आणि सचिवाचाही नाही. तो विधिमंडळाचा आहे. महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधान परिषदेचे सदस्य ७८. त्यांपैकी ३० विधानसभेच्या सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ निवडले जातात आणि १२ नामनियुक्त असतात. पैशाच्या बाबतीत मात्र अंतिम शब्द विधानसभेचा. धनविधेयक विधान परिषद चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवू शकत नाही.

मार्चच्या अधिवेशनात अर्थसंकल्प मांडला जातो. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटी रुपयांचा होता. विभागवार मागण्या मांडल्या जातात, त्यांवर चर्चा होते, सदस्य कपात सूचना देतात, मतदान होते आणि शेवटी विनियोजन विधेयक मंजूर होते. त्यानंतरच तिजोरीतून एक रुपया काढता येतो. ही झाली रचना. व्यवहारात अनेक विभागांच्या मागण्या वेळेअभावी चर्चेविनाच एकत्रित मंजूर होतात. हजारो कोटींचा खर्च काही मिनिटांत संमत होतो.

पुरवणी मागण्यांची कथा याहून चिंताजनक आहे. अर्थसंकल्पात अंदाज चुकला, अनपेक्षित खर्च उद्भवला, तर संविधानाने पुरवणी मागणीची सोय ठेवली आहे. ती अपवाद म्हणून होती. जुलै २०२४ मध्ये अर्थसंकल्प मांडल्यानंतर अवघ्या काही दिवसांत सुमारे ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सादर झाल्या. योजना चांगल्या असतील, गरजाही खऱ्या असतील. परंतु वर्षाचे नियोजन करून काही दिवसांतच एवढी भर घालावी लागत असेल, तर मूळ नियोजनाला अर्थ काय उरतो? हा दोष एका सरकारचा नाही, अनेक सरकारांनी जोपासलेली ही प्रथा आहे. म्हणूनच आपले सरकार आणि त्यांचे सरकार असा भेद न करता तिच्याविषयी बोलले पाहिजे. घरच्या जमाखर्चात जी गोष्ट गृहिणी खपवून घेणार नाही, ती राज्याच्या जमाखर्चात खपवून घेण्याचे कारण नाही.

खर्च झाल्यानंतरही सभागृहाचे काम संपत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. विभागाच्या सचिवाला समितीपुढे साक्ष द्यावी लागते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, आश्वासन समिती, ही सारी उत्तर मिळवण्याची साधने आहेत. कामकाज गोंधळात तहकूब होते, तेव्हा ती सर्व एकाच वेळी बोथट होतात. सभागृह बंद पाडणे हा विरोधकांना पराक्रम वाटतो. प्रत्यक्षात त्याचा पहिला लाभ ज्या मंत्र्याला त्या दिवशी उत्तर द्यायचे असते, त्यालाच होतो.

सभागृहाला वळसा

उत्तर टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे वटहुकूम. अधिवेशन नसताना तातडीच्या गरजेपोटी राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाची मान्यता मिळाली नाही, तर तो संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि मुदत संपताच तेच पुन्हा काढून ते वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यात आले. उसाच्या खरेदीविषयीचा एक वटहुकूम जवळजवळ चौदा वर्षे चालू राहिला. म्हणजे चौदा वर्षे सभागृहाला न विचारता राज्य चालले.

हा प्रकार उघडकीस आणला तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील एका अभ्यासकाने. डॉ. डी. सी. वाधवा यांनी ग्रंथालयात बसून जुनी राजपत्रे चाळली, एकेका वटहुकमाची कुंडली मांडली, ग्रंथ लिहिला आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने ही प्रथा संविधानाशी केलेली प्रतारणा ठरवली आणि वाधवा यांना खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा आदेश बिहार राज्याला दिला. ना पद, ना पक्ष, ना मोर्चा. केवळ राजपत्र वाचणाऱ्या एका माणसाने एका राज्याला सभागृहाची आठवण करून दिली.

सभागृहाचे सामर्थ्य

विधिमंडळाच्या ऱ्हासाविषयी बोलताना त्याने केलेल्या उत्तम कामाचेही स्मरण ठेवले पाहिजे. वि. स. पागे हे दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण भागातील श्रमणाऱ्या माणसाला काम मागण्याचा हक्क असावा, ही कल्पना त्यांनी मांडली. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती राज्यभर कसोटीस उतरली. खर्चासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला, म्हणजे शहराने गावाच्या हाताला काम दिले. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

या उदाहरणात राज्यशासनाचे सर्व घटक आपापल्या जागी दिसतात. विचार सभापतींचा, प्रयोग प्रशासनाचा, निर्णय मंत्रिमंडळाचा, कर आणि कायदा विधिमंडळाचा. सत्ताधारी आणि विरोधक एकत्र आले. कारण विषय उपासमारीचा होता.

खालचा दुवा निखळला तर

राज्यशासन मंत्रालयात सुरू होते, पण तेथे संपत नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, दवाखाना, ग्रामीण रस्ता, पाणी हे विषय लोकांच्या जवळच्या हाती सोपवले गेले. १९९२ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती संमत होऊन १९९३ पासून अमलात आली. त्यामुळे या संस्थांना संविधानाचे अधिष्ठान मिळाले आणि दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली.

तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तेथे प्रशासक आला आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. अनेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांतही दीर्घकाळ प्रशासकीय राजवट राहिली. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, न्यायालयीन स्थगिती अशी कारणे सांगितली गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. याचा परिणाम वरपर्यंत गेला. स्थानिक संस्थांत सदस्यच नसल्याने विधान परिषदेच्या त्या मतदारसंघांतील बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. प्रशासक कार्यक्षम असेल, प्रामाणिकही असेल. परंतु तो शासनाला उत्तर देतो, वॉर्डातल्या माणसाला नाही. नगरसेवकाच्या दारावर मध्यरात्री थाप मारता येते. प्रशासकाच्या दालनाबाहेर भेटीची वेळ घ्यावी लागते.

जाणत्या समाजाचे काम

राज्यव्यवस्था सुधारण्याची अपेक्षा करताना समाजाच्या वाट्याला येणारे कामही पाहिले पाहिजे. ते अवघड नाही, मात्र चिकाटीचे आहे. शासन निर्णय मराठीत असतात आणि शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. गावातील दोन तरुणांनी आपल्या तालुक्याशी संबंधित निर्णय नियमित वाचावेत. रस्ता, पूल, शाळा यांपैकी कोणते काम कोणाच्या अखत्यारीत आहे, याची एक वही ग्रामपंचायतीत असावी. मान्यतेची बातमी आली, की तरतूद किती, हा पुढचा प्रश्न विचारावा. नस्ती अडली तर सात दिवसांच्या कलमाचा उल्लेख करून लेखी विचारणा करावी आणि गरज पडल्यास माहितीचा अधिकार वापरावा. आमदाराकडे केवळ निधी मागू नये, सभागृहात प्रश्न मागावा. निधी एकदा मिळतो, प्रश्नाचे उत्तर मात्र नोंदीत कायम राहते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, हे प्रश्न सरकार कोणाचे आहे हे पाहून बदलू नयेत. आपल्या विचारांचे सरकार आले म्हणून ज्याचे प्रश्न थांबतात, तो त्या सरकारचे हित साधत नाही. आपल्या माणसांना वेळीच जागे करणे, हेच खऱ्या आपलेपणाचे लक्षण आहे.

महाराष्ट्रातील किती तरी नद्यांवर जुने पूल आजही उभे आहेत. त्यांच्या तपासणीचे अहवाल, दुरुस्तीची अंदाजपत्रके, मान्यतेचे प्रस्ताव कोणत्या ना कोणत्या नस्तीत आहेत. त्या नस्त्या कोणाच्या टेबलावर, किती दिवसांपासून आहेत, हे विचारण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातून असा एक तरी लेखी अर्ज गेला, तर या अभ्यासवर्गाचे सार्थक होईल.